सगळं नियमाप्रमाणे

तीन वर्षांपूर्वी मी एका कारखान्याच्या एचआर विभागात नोकरीला होते. पहिलीच नोकरी, आणि काम बरंचसं कागदांचं. त्या वर्षी एका जुन्या कामगारावर डोमेस्टिक इन्क्वायरी बसली आणि प्रोसिडिंग लिहायला मला बसवलं गेलं. चौकशी अधिकारी प्रश्न विचारणार, काका उत्तर देणार, मी दोन्ही लिहून घेणार आणि मग प्रत्येक पानाखाली सगळे सह्या करणार, असं ते काम.

चौकशी अगदी नियमाप्रमाणे झाली. चार्जशीट दिली होती, उत्तराला मुदत दिली होती, तारखा वेळेवर कळवल्या होत्या. पहिल्या तारखेला अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुमच्या बाजूनं कुणी प्रतिनिधी हवाय का?" काका म्हणाले, "कुणाला आणू साहेब? माझ्या बाजूनं बसायला कोण येणार?" अधिकारी माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा, प्रतिनिधी नको असे सांगितले." मी लिहिलं. काकांनी सही केली.

तिसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी शेअर्ड फोल्डरमध्ये मला बडतर्फीच्या पत्राचा मसुदा दिसला. तयारच होता. तारखेची जागा तेवढी मोकळी होती.

पुढे ती नोकरी सुटली. एका रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर कार्ल ड्रायरचा १९२८ सालचा मूकपट बघायला घेतला. जोन ऑफ आर्कच्या खटल्यावरचा आहे, आणि तो खटल्याच्या मूळ कागदपत्रांवर बेतलेला आहे. सगळ्यांचं लक्ष जोनच्या चेहऱ्यावर खिळतं, माझंही खिळलं. पण मधेमधे पडद्यावर लिहिणारे लोक दिसत होते. कुणीतरी विचारतंय, कुणीतरी उत्तर देतंय आणि बाजूला बसून कुणीतरी ते उतरवून घेतंय. मी फोन बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या खटल्याच्या नोंदी वाचायला लागले. वाचता वाचता ज्या माणसात अडकले, तो जोन नव्हता. तो होता तिचा न्यायाधीश, बोवेचा बिशप पिएर कोशाँ.

हुशार मुलाचं करिअर

फ्रेंचमध्ये 'कोशाँ' या उच्चाराचा आणखी एक शब्द आहे. त्याचा अर्थ डुक्कर. त्यामुळे गेली कित्येक शतकं या माणसाला शिव्या घालणाऱ्यांची सोय झाली आहे. नाटकांत, सिनेमांत तो बहुतेक वेळा खलनायकच असतो. पण त्याचं आयुष्य सुरुवातीपासून वाचलं तर दिसतो तो त्या काळातला एक हुशार, कष्टाळू, वर चढत गेलेला माणूस.

जन्म साधारण १३७१चा, रँस शहराच्या परिसरातला. शिक्षण पॅरिस विद्यापीठात. तिथे त्यानं कॅनन लॉ म्हणजे चर्चचा कायदा शिकला. हा कायदा फक्त पूजाविधींपुरता नव्हता. लग्न, वारसा, शपथा, चर्चच्या जमिनी, धर्मगुरूंचे गुन्हे, पाखंडाचे आरोप, सगळं त्यात यायचं. आज हुशार मुलं स्पर्धा परीक्षांकडे वळतात, तशी तेव्हा कॅनन लॉकडे वळायची. राजाला, पोपला, उमरावांना अशी माणसं लागायची. १४०३च्या सुमारास कोशाँ विद्यापीठाचा रेक्टर झाला, तेव्हा तो तिशीत होता.

तो काळ चर्चसाठी मोठ्या पेचाचा होता. १३७८पासून युरोपात एकाच वेळी दोन पोप होते, एक रोममध्ये आणि एक आविन्योंमध्ये. दोघंही स्वतःला खरा म्हणवत. पॅरिस विद्यापीठाचे लोक या भांडणातून वाट काढायला धडपडत होते. १४०७मध्ये फ्रान्सकडून दोन्ही पोपांकडे शिष्टमंडळ गेलं, त्यात कोशाँ होता. प्रश्न कितीही चिघळलेला असला तरी कायदा नीट वाचला, मसुदा नीट लिहिला, योग्य सह्या घेतल्या की तो सुटतो, या विश्वासावर त्याची सगळी पिढी वाढली होती.

त्याच वर्षी फ्रान्सचं राजकारण फुटलं. राजा सहावा चार्ल्स मनोरुग्ण होता आणि सत्तेसाठी त्याच्या घरातच दोन तट पडले होते. नोव्हेंबर १४०७मध्ये बर्गंडीच्या ड्यूकनं राजाच्या सख्ख्या भावाचा, ऑर्लेआँच्या ड्यूकचा, पॅरिसच्या रस्त्यावर खून करवला. झाँ पेती नावाच्या विद्वानानं ड्यूकच्या बाजूनं युक्तिवाद मांडला: जुलमी माणसाला मारणं हा गुन्हा नाही. कोशाँ बर्गंडीच्या तटात गेला. तिथे सुधारणेची भाषा बोलली जात होती, आणि १४१३मध्ये राज्यकारभार सुधारण्यासाठी नेमलेल्या आयोगात तो बसलाही. पण त्याच वर्षी पॅरिसमध्ये दंगली झाल्या, पारडं फिरलं आणि बर्गंडीच्या लोकांना शहर सोडावं लागलं. कोशाँवरही पॅरिसबंदी आली. मग तो कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत बर्गंडीचा वकील म्हणून पोचला. पेतीचा तो युक्तिवाद पाखंड ठरू नये, यासाठी त्यानं तिथे बाजू लढवली.

इथे थोडं थांबायला हवं. एका खुनाला कायद्याची भाषा पुरवायचं काम त्यानं केलं, आणि ते चोख केलं. पुढे जे घडलं त्याची तयारी मला इथे दिसते.

१४१९मध्ये बर्गंडीच्या ड्यूकचाच खून झाला, तोही युवराज चार्ल्सच्या माणसांकडून, समेटाच्या भेटीत. बर्गंडीवाले थेट इंग्लंडला जाऊन मिळाले. २१ मे १४२०च्या त्र्वा इथल्या तहात युवराजाला वारसाहक्कातून काढून टाकण्यात आलं आणि फ्रान्सचं सिंहासन इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री आणि त्याच्या वंशजांकडे जाईल असं ठरलं. हा तह घडवणाऱ्यांत कोशाँ होता. त्याच वर्षी त्याला बोवेचं बिशपपद मिळालं. बोवेचा बिशप हा नुसता धर्मगुरू नसे. तो काउंटही असे आणि राज्यातल्या सर्वोच्च सरदारांच्या मोजक्या मंडळात त्याला जागा असे.

वयाच्या पन्नाशीत तो शिखरावर होता. त्याच्या मते त्र्वाचा तह म्हणजे कायदा होता आणि युवराज चार्ल्स हा बंडखोर.

धर्मप्रांत नसलेला बिशप

मग १४२९ आलं. पूर्वेकडच्या दोंरेमी गावातली एक शेतकऱ्याची मुलगी पुरुषी कपडे घालून युवराजाकडे आली. देवदूत आणि संत आपल्याशी बोलतात, असं ती सांगत होती. मे महिन्यात ऑर्लेआँचा वेढा उठला. १७ जुलैला रँसमध्ये, कोशाँच्या स्वतःच्या मुलखात, युवराजाचा राज्याभिषेक झाला आणि तो सातवा चार्ल्स झाला. ऑगस्टमध्ये बोवेनंही नव्या राजाला दरवाजे उघडले. बिशपला पळावं लागलं. नऊ वर्षांपूर्वी ज्या तहासाठी कोशाँ राबला होता, त्याचा पाया या मुलीनं काही महिन्यांत उखडला होता.

२३ मे १४३० रोजी कोंपिएनच्या वेशीबाहेर बर्गंडीच्या सैनिकांनी जोनला पकडलं. इथून कोशाँची फाईल सुरू होते.

एखाद्यावर खटला चालवायचा तर आधी अधिकारक्षेत्र हवं. जोन बोवे धर्मप्रांतातली नव्हती. पण ती पकडली गेली ती जागा आपल्या धर्मप्रांताच्या हद्दीत येते, असा दावा कोशाँनं केला. ज्या धर्मप्रांतात त्याला स्वतःला पाऊल ठेवता येत नव्हतं, त्याच्या जोरावर. १४ जुलैला तो जातीनं कोंपिएनजवळच्या छावणीत जाऊन मागणीची पत्रं देऊन आला. दहा हजार लिव्ह्रना सौदा झाला. या धावपळीचा त्याला भत्ता मिळाला. १ मे ते ३० सप्टेंबर १४३०, १५३ दिवस, दिवसाला पाच लिव्ह्र, एकूण ७६५. त्याची पावती टिकून आहे. ती वाचताना मला हसू आलं आणि मग एकदम आलं नाही. आमच्याकडच्या चौकशी अधिकाऱ्यांचंही प्रवासभत्त्याचं बिल मीच पास करायला पाठवलं होतं.

खटला रूआँमध्ये चालवायचं ठरलं, कारण तो इंग्रजांचा बालेकिल्ला होता. पण रूआँ दुसऱ्याचा धर्मप्रांत. तिथल्या आर्चबिशपची जागा रिकामी होती, म्हणून कॅथीड्रलच्या धर्मगुरूंच्या मंडळाकडून २८ डिसेंबरला रीतसर परवानगी घेतली गेली. ३ जानेवारी १४३१ रोजी इंग्लंडच्या राजाच्या, म्हणजे नऊ वर्षांच्या सहाव्या हेन्रीच्या, नावानं पत्र निघालं: ही स्त्री आम्ही बिशपच्या स्वाधीन करत आहोत. पुढे एक वाक्य होतं. श्रद्धेच्या बाबतीत ती दोषी ठरली नाही, तर तिला परत ताब्यात घेण्याचा आमचा हक्क राखून आहे.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मला तो मोकळी तारीख असलेला मसुदा आठवला.

खटला

इन्क्विझिशन म्हटलं की आपल्याला गोवा आठवतो. गोव्यातलं न्यायालय १५६०मधलं, पोर्तुगीज राजवटीचं; रूआँचा खटला त्याच्या सव्वाशे वर्षं आधीचा. पण पद्धतीचं मूळ एकच. न्यायाधीश स्वतःच चौकशी करतो, स्वतःच आरोप ठेवतो आणि स्वतःच निकाल देतो. म्हणूनच कॅनन लॉनं या अधिकाराला काही कुंपणं घातली होती. आधी आरोपीच्या लौकिकाची चौकशी हवी. कोवळ्या वयाच्या किंवा अडाणी आरोपीला सल्लागार हवा. कैद चर्चच्या तुरुंगात हवी. आणि पोपकडे दाद मागता यायला हवी.

एकेक कुंपण बघू या.

लौकिकाची चौकशी झाली. माणसं दोंरेमीला गेली. तिथून आलेली माहिती खटल्याच्या नोंदीत नाही. पुढे रूआँच्या एका व्यापाऱ्यानं साक्षीत सांगितलं की चौकशी करून आलेल्या माणसानं त्याला हकिगत सांगितली होती. तिच्याबद्दल जे कळलं त्यातलं काहीच असं नव्हतं, जे स्वतःच्या बहिणीबद्दल ऐकून वाईट वाटावं. बिशपनं त्याला देशद्रोही म्हटलं आणि ठरलेले पैसेही दिले नाहीत.

सल्लागार? पाच आठवडे तिची उलटतपासणी झाली, ती एकटीच होती. आरोपपत्र वाचायची वेळ आली तेव्हा, मार्चअखेर, तुझ्यासाठी आमच्यातलाच कुणी सल्लागार देतो, असं तिला सांगण्यात आलं. तिनं नकार दिला. नोंदीत तो नकार व्यवस्थित लिहिलेला आहे.

तुरुंग? तिला किल्ल्यात साखळदंडात ठेवलं होतं, पहाऱ्यावर इंग्रज सैनिक होते. एकोणीस वर्षांची मुलगी आणि कोठडीत पुरुष पहारेकरी.

पोप? पोपकडे न्या, असं ती म्हणाली. पोप फार लांब आहेत आणि आपापल्या धर्मप्रांतात बिशप हाच न्यायाधीश असतो, असं तिला सांगण्यात आलं. हेही नोंदीत आहे.

कुणीच बोललं नाही असं नाही. झाँ लोइए नावाचा नॉर्मंडीतला नामवंत कायदेपंडित तेव्हा रूआँमध्ये होता. कोशाँनं त्याचं मत विचारलं. त्यानं सांगितलं, हा खटला वैध नाही. किल्ल्याच्या बंद दारांआड चालतोय, लोकांना मोकळेपणानं बोलता येत नाही, फ्रान्सच्या राजाची अब्रू गुंतलेली असून त्याची बाजू मांडायला कुणी नाही, आणि या मुलीला सल्लागार नाही. लोइए नंतर रूआँ सोडून गेला. निकोला द उपविल म्हणाला, जोनला आधीच पोआतिएमध्ये धर्मपंडितांनी तपासलं आहे आणि त्यांत कोशाँचा वरिष्ठ, रँसचा आर्चबिशप होता. त्याला तुरुंगात टाकण्यात आलं. बाकीचे शंभरावर विद्वान, धर्मगुरू, वकील कधी ना कधी त्या खटल्यात बसले. पहिल्या जाहीर बैठकीलाच, २१ फेब्रुवारीला, ४२ जण होते.

त्या सगळ्यांसमोर ती बसायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं. २४ फेब्रुवारीला तिला विचारलं, तुझ्यावर देवाची कृपा आहे का? हा सापळा होता. हो म्हटलं तर उद्दामपणा, कारण ते कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. नाही म्हटलं तर कबुली. तिनं उत्तर दिलं त्याचा आशय असा की, नसेल तर देवानं ती द्यावी आणि असेल तर टिकवावी. उत्तर ऐकून न्यायालय अवाक झालं, असं तिथल्या एका लेखनिकानं नंतर सांगितलं.

आधी ७० कलमांचं आरोपपत्र झालं. मग त्याची १२ कलमं करण्यात आली आणि ती पॅरिस विद्यापीठाकडे मतासाठी पाठवली गेली. ही १२ कलमं जोनला वाचूनच दाखवली गेली नाहीत. कोशाँच्या जुन्या विद्यापीठानं मत दिलं ते त्या सारांशावर. मत अर्थातच तिच्याविरुद्ध होतं.

एक गोष्ट कोशाँच्या बाजूनं सांगायलाच हवी. मे महिन्यात तिला यातनांची साधनं दाखवण्यात आली. ती वापरावीत का, याबद्दल त्यानं सहकाऱ्यांची मतं घेतली. तिघांनी हो म्हटलं, बाकीच्यांनी नको म्हटलं आणि कोशाँनं नको असा निर्णय दिला. तो क्रूर माणूस होता असं मला वाटत नाही. त्याला सुबक खटला हवा होता, कुणालाही बोट ठेवता येणार नाही असा.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा

२४ मेला सँ-उआँच्या दफनभूमीत जाहीर सभा झाली. चितेची भीती दाखवून तिच्याकडून माफीनाम्यावर खूण करून घेतली गेली. त्या बदल्यात जन्मठेप. इंग्रज चिडले. बिशप तिची बाजू घेतोय, असं एक जण तोंडावर म्हणाला. कोशाँनं सुनावलं की धर्मगुरू म्हणून तिचं तारण बघणं हे माझं कर्तव्य आहे, तिचा मृत्यू नव्हे. असं साक्षीदारांनी नंतर सांगितलं, आणि ते खरं असावं. त्या क्षणी त्याच्या हातात सगळं होतं. मुलगी जिवंत होती आणि चर्चच्या कैदेत जायला तयार होती.

त्यानं तिला पुन्हा किल्ल्यात पाठवलं, त्याच पहारेकऱ्यांकडे.

२८ मेला ती पुन्हा पुरुषी कपड्यांत सापडली. पुरुषांमध्ये राहायचं तर हेच कपडे बरे, असं ती म्हणाली. आणि मला दिलेली वचनं पाळली गेली नाहीत, मिस्सेला जाऊ दिलं नाही, बेड्या काढल्या नाहीत, असंही म्हणाली. चर्चच्या, बायकांच्या तुरुंगात ठेवा, मी सांगाल तशी राहीन, हेही तिनं सांगितलं. हे सगळं नोंदीत आहे. कोशाँच्याच नोंदीत.

२९ मेला सहकाऱ्यांची बैठक झाली. बहुतेकांचं मत पडलं की माफीनामा तिला पुन्हा वाचून दाखवावा, समजावून सांगावा आणि मग काय ते करावं. सल्ला मानण्याचं बंधन न्यायाधीशावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ३० मे १४३१ रोजी, रूआँच्या जुन्या बाजारात तिला जाळण्यात आलं. चर्च कुणाला मारत नसे. ते आरोपीला राजसत्तेच्या हवाली करी आणि शिक्षा राजसत्ता सुनावी. त्या दिवशी तेवढंही झालं नाही. राजाच्या अधिकाऱ्यानं शिक्षा वाचून दाखवायच्या आधीच तिला चितेकडे नेलं, असं साक्षीदार सांगतात.

त्याआधी सकाळी तिनं कोशाँला तोंडावर सांगितलं होतं की माझा मृत्यू तुमच्यामुळे आहे, मला चर्चच्या तुरुंगात ठेवलं असतंत तर हे झालं नसतं. कायदा न शिकलेल्या मुलीनं नेमक्या त्याच कलमावर बोट ठेवलं होतं.

नंतर

१२ जून १४३१ रोजी इंग्लंडच्या राजानं खटल्यात भाग घेतलेल्यांना संरक्षणाची पत्रं दिली. पुढे कुणी याबद्दल त्रास दिला तर राजा पाठीशी उभा राहील. सगळं नियमाप्रमाणे झालं असेल, तर असं पत्र कशाला लागतं?

रूआँचं आर्चबिशपपद कोशाँला मिळालं नाही. १४३२मध्ये लिझ्यूचं बिशपपद मिळालं. तो काम करत राहिला. १४३५च्या अरासच्या वाटाघाटींत तो इंग्लंडच्या बाजूनं बसला होता. तिथेच बर्गंडीनं इंग्रजांची साथ सोडली आणि ज्या आघाडीवर त्याचं आयुष्य उभं होतं ती संपली. १४३६मध्ये पॅरिसही गेलं. १८ डिसेंबर १४४२ रोजी रूआँमध्ये त्याचा मृत्यू झाला, दाढी करून घेत असताना, असं म्हणतात. लिझ्यूच्या कॅथीड्रलमध्ये, त्यानंच बांधून घेतलेल्या चॅपलमध्ये, त्याला पुरलं. तोवर त्याचा निकाल कायम होता.

१४४९मध्ये सातव्या चार्ल्सनं रूआँ जिंकलं आणि खटल्याचे कागद त्याच्या हाती आले. ज्या मुलीमुळे आपण रँसला पोचलो ती पाखंडी ठरलेली असणं राजाला परवडणारं नव्हतं. चौकश्या सुरू झाल्या. पोपच्या परवानगीनं, जोनची आई इझाबेल रोमे हिच्या अर्जावर, ७ नोव्हेंबर १४५५ रोजी पॅरिसच्या नोत्र दाममध्ये नवा खटला उभा राहिला. शंभरावर साक्षीदार तपासले गेले. कोशाँच्या वारसांना नोटीस गेली. त्यांनी कळवलं की त्याच्या कृत्यांचा बचाव करण्यात आम्हाला रस नाही. ७ जुलै १४५६ रोजी जुना निकाल रद्द झाला.

हा दुसरा खटलाही सोवळा नव्हता. राजाला काय हवंय हे या वेळीही सगळ्यांना माहीत होतं. पंचवीस वर्षांपूर्वी कोशाँच्या बाजूला बसलेले लोक आता शपथेवर सांगत होते की आम्ही घाबरलो होतो, सगळं त्या बिशपनं केलं. मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं. त्यामुळे त्यांच्या साक्षी जपून वाचाव्या लागतात.

पण निकाल फिरवायला साक्षींइतकीच कामाला आली ती कोशाँची फाईल. त्यानं सगळं लिहून ठेवलं होतं: तिनं पोपकडे जायची विनंती केली ते, तुरुंगाबद्दल ती काय म्हणाली ते, सहकाऱ्यांनी २९ मेला काय सल्ला दिला ते. खटल्याच्या लॅटिन नोंदीच्या पाच प्रती त्यानं करवून घेतल्या, पानापानावर लेखनिकांच्या सह्या आणि शेवटी शिक्के. त्यातल्या तीन आजही पॅरिसमध्ये आहेत. आपण किती बरोबर होतो हे जगाला दिसावं म्हणून त्यानं त्या जपल्या. त्यामुळेच त्या मुलीचा आवाज सहाशे वर्षांनी माझ्या फोनपर्यंत पोचला.

लेखनिक

त्या पानांवर सही करणाऱ्यांत एक होता गियोम मांशाँ. तो मुख्य लेखनिक. दिवसभर फ्रेंचमध्ये टिपणं घ्यायचा. नंतरच्या चौकश्यांत त्यानं सांगितलं की हे काम त्यानं मनाविरुद्ध, भीतीपोटी घेतलं. न्यायाधीश मधेमधे त्याला लॅटिनमध्ये, म्हणजे जोनला कळू नये अशा भाषेत, उत्तरं वेगळ्या शब्दांत लिहायला सांगत. पडद्याआड आणखी दोन जण बसवले होते. ते तिच्या बचावाचं बोलणं गाळून लिहीत. संध्याकाळी दोन्ही टिपणं ताडून बघितली जात. जिथे फरक पडे तिथे मांशाँ समासात खूण करी, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा विचारता येईल. तिच्या मृत्यूनंतर, ती तुरुंगात आणखी काय काय बोलली म्हणून एक पुरवणी तयार झाली. त्यावर सही करायला त्यानं नकार दिला. मी तिथे हजर नव्हतो, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

पण बाकी सगळ्यावर त्याची सही आहे. सँ-उआँला तिच्यासमोर वाचलेला माफीनामा सहा-सात ओळींचा होता, असं साक्षीदार सांगतात. नोंदीत मात्र लांबलचक मजकूर आहे. त्याच्याखालीही याच लेखनिकांच्या सह्या आहेत.

आयुष्यात कधी रडलो नाही इतका त्या दिवशी रडलो आणि महिनाभर सावरलो नाही, असं मांशाँनं सांगितलं. खटल्याच्या कामाचे जे पैसे मिळाले, त्यातल्या काहींचं त्यानं एक छोटं मिस्साचं पुस्तक घेतलं, तिची आठवण राहावी आणि तिच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून. डिसेंबर १४५५मध्ये नव्या न्यायालयापुढे त्यानं स्वतःच्या हातची ती मूळ फ्रेंच टिपणं आणून ठेवली. पंचवीस वर्षं त्यानं ती टाकून दिली नव्हती.

कोशाँवर राग धरणं सोपं आहे आणि मी धरतेही. पण त्याच्यासारखं होण्याइतकं पद माझ्याकडे कधी नव्हतं. मांशाँसारखं होण्याइतकं होतं, आणि मी झालेही. फरक एवढाच की त्यानं समासात खुणा केल्या होत्या.

लॅपटॉप हँग व्हायचा, म्हणून त्या इन्क्वायरीत मी आधी वहीत लिहायचे आणि मग टाइप करायचे. ती वही माझ्याकडे आहे. पहिल्या तारखेच्या पानावर काकांचं वाक्य जसंच्या तसं आहे, "कुणाला आणू साहेब?" गेल्या आठवड्यात त्यांचा नंबर शोधून फोन केला. त्यांची केस लेबर कोर्टात चालू आहे. मी वहीबद्दल सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "ताई, तारखेला येशील का?"

पुढची तारीख अकरा तारखेला आहे.